लंगोटी, मडकं आणि पापडीची अब्रू

वसईच्या पापडीत हल्ली कोणाचं जमलेलं लग्न मोडलं, कोणी वाडी बिल्डरला दिली, कोण आखातातून अचानक परत आला, असल्या बातम्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. शुक्रवारच्या बाजारात दोन बायका डोकी जवळ आणून बोलताना दिसल्या, की विषय ठरलेला. अमकीच्या मुलाने शूटर सोडलं. सोडलं ते सोडलं, वर आरपीजी धरलं!

‘क्राउन’ या वरच्या पायरीला पोचलेला मुलगा हो. आईवडील दोघं कमावते, घरात वायफाय, दृष्ट लागावी असा नेम. आणि आता म्हणे रात्री दोन वाजेपर्यंत कुठल्याशा चेटकिणीशी गप्पा मारतो. तिची अंगठी हरवली आहे, ती शोधून देणार आहे. स्वतःच्या आईचा चष्मा हरवला तेव्हा गादीवरून उठला नव्हता.

मी चहाड्या सांगणाऱ्यांतली नव्हे. पण कानावर आलं ते पोटात ठेवलं तर मला पित्त होतं.

ज्यांच्या घरात अजून हे शिरलेलं नाही अशा भाग्यवंतांसाठी दोन ओळी. शूटर म्हणजे हातात बंदूक, समोर दिसेल तो शत्रू, आधी उडवेल तो जगेल. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, सरळ बोलायचं तर सोंग घ्यायचं. योद्धा व्हा, चोर व्हा, मांत्रिक व्हा. गावोगाव हिंडा, लोकांची कामं करा, अनुभवाचे गुण मिळवा, लेव्हल वाढवा, तलवार बदला, आणि शेवटी एखाद्या अक्राळविक्राळ बॉसला आडवं करा. पापडी तलावाच्या काठी संध्याकाळी फोन आडवे धरून बसणाऱ्या पोरांचा निकाल केव्हाच लागलाय: शूटरला कसब लागतं, आरपीजीला फक्त वेळ. म्हणून आरपीजी खेळणारा म्हणजे ज्याला नेम जमत नाही तो. नापास. हे ते मान खाली घालून, हळू आवाजात बोलतात, घरातल्या दुखण्याबद्दल बोलावं तसं.

शूटरवाल्यांचा तोरा समजून घ्यायचा तर त्यांची परंपरा बघा. आधी सायबर कॅफे होते, काळ्या काचांचे, तासावर पैसे घेणारे. तिथे प्रोजेक्टच्या नावाखाली ‘काउंटर-स्ट्राइक’ चालायचं. ती पिढी आता ईएमआय भरते आहे. मग २०१८ साली पबजी मोबाईल आलं आणि कॅफे खिशात आला. त्याच वर्षीच्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, लाईट गेली, गाड्या बंद पडल्या. दूध संपल्याची हळहळ होतीच, पण पॉवर बँक संपल्याचा जो आक्रोश मी ऐकला, तो दुधाला नव्हता. २०१९ च्या जानेवारीत एका आईने थेट पंतप्रधानांच्या परीक्षेवरच्या कार्यक्रमात मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तर हा पबजीवाला आहे का, असं त्यांनीच विचारलं! देशाच्या पंतप्रधानांच्या तोंडी नाव! त्या दिवसापासून शूटरवाल्यांची कॉलर जी वर झाली ती आजतागायत खाली आली नाही. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात या खेळावर बंदी मागितली. इतकी बदनामी आणि इतका मान एकाच वेळी मिळायला नशीब लागतं.

मग २ सप्टेंबर २०२० आला. पबजीसह एकशे अठरा अॅपांवर बंदी. घरोघरी सुतक. मुलं जेवायला वेळेवर यायला लागली म्हणून आयांना वाटलं ताप आलाय. २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, किल्सना आता ‘फिनिश’ म्हणायचं अशी सोज्वळ दीक्षा घेऊन. २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा हजर. एवढ्या वेळा जाऊन परत येणारा दुसरा कोणी असता तर लोकांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

आता एक गोष्ट सांगते, पण माझं नाव कुठे येता कामा नये. या खेळाच्या खालच्या पायऱ्यांवर समोर जे सैनिक असतात, त्यांतले बरेचसे माणसं नसतातच. बॉट असतात. संगणकाने सोडलेली बाहुली. ती सरळ रेषेत धावतात, गोळी लागली की क्षणभर विचार करत उभी राहतात आणि पलटून मारतात ते आकाशात. नवीन खेळाडूचं मन मोडू नये म्हणून केलेली ही सोय. वर फोनमध्ये एम असिस्ट, म्हणजे तुमचा नेम थोडा चुकला तर खेळच हात धरून शत्रूकडे नेतो. तेव्हा तलावाकाठी ‘अठरा मारले’ म्हणून छाती फुगवणाऱ्याला एकदा गोड आवाजात विचारून बघा, त्यांतल्या किती जणांना आई होती. चेहरा कसा उतरतो ते बघा.

पण आरपीजीवाल्यांनी लगेच हसायचं कारण नाही. त्यांच्या कपाटातली हाडं मोजायला घेतली तर शुक्रवारचा शनिवार होईल.

पहिला आरोप ग्राइंडचा. बॉस जड जातोय? हरकत नाही. मागे जा, जंगलातली डुकरं मारा, तीच डुकरं पुन्हा मारा, लेव्हल वाढवा आणि परत या. तुम्ही होता तेवढेच मठ्ठ आहात, पण तुमची तलवार आता हुशार आहे. शूटरमध्ये अशी मागच्या दाराने सुटका नाही. दुसरा आरोप सेव्हचा. चुकलं की मागच्या सेव्हवरून सुरू. आयुष्यात अशी सोय असती तर पापडीतल्या निम्म्या सोयरिकी झाल्याच नसत्या. तिसरा आरोप फाशाचा. २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये तर पडद्यावर वीस बाजूंचा फासा गरगरताना दिसतो. म्हणजे उघड उघड नशीब, तेही वाजतगाजत.

आणि चौथा, सगळ्यांत झोंबणारा. २०१४ च्या फेब्रुवारीत ट्विच नावाच्या संकेतस्थळावर हजारो लोकांनी मिळून एकच ‘पोकेमॉन रेड’ खेळायला घेतला. सगळे एकाच वेळी आज्ञा देणार, खेळ त्या पाळत जाणार. नायक भिंतीला टकरा देतोय, गोल गोल फिरतोय, लागणारं सामान फेकतोय. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. तरी सोळा दिवसांत खेळ संपला! शूटरवाले हे उदाहरण ठेवणीतल्या साडीसारखं जपून ठेवतात आणि वेळ आली की घडी मोडतात: जो खेळ असल्या गोंधळात पार पडतो, त्यात कसब ते कसलं?

इथे बहुतेक आरपीजीवाले गप्प होतात. गचावाल्यांची तर दातखीळच बसते. गचा म्हणजे पैसे टाकून सोडत काढायची आणि पात्र मिळवायचं. २०२० साली आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने ही चटक घरोघर पोचवली. तिथे नव्वदाव्या खेपेला एक बडं पात्र मिळण्याची हमी आहे, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची नाही. मनाजोगतं स्थळ मिळत नाही म्हणून रडणाऱ्या माझ्या एका भाचीने या असल्या सोडतीत बोनस घालवला. नवरा नाही, पण पांढऱ्या केसांचा तलवारबहाद्दर मिळाला. आम्ही तो विषय घरात काढत नाही.

पण थांबा. या सगळ्यात एक गोम आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पोकेमॉन गोंधळात संपला हे खरं. त्यावरून एवढंच कळतं की तो संपवायला कमीत कमी किती अक्कल लागते. त्यात जास्तीत जास्त किती अक्कल लावता येते, हे त्यावरून मुळीच कळत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तलावाकाठी त्यांची बेमालूम सरमिसळ होते, आणि ती होते तोवर भांडण मिटत नाही. मिटू नयेच अशी अर्थात माझी इच्छा आहे.

आता लंगोटीकडे येते. ‘एल्डन रिंग’ नावाची आरपीजी २०२२ च्या फेब्रुवारीत आली. तिच्यात मलेनिया नावाची एक बाई आहे. लांब केस, एक हात सोन्याचा, आणि तलवार चालवायला लागली की समोरच्याचं काही खरं नाही. भर म्हणजे तिचा वार लागला की तुमचं रक्त कमी होतं आणि तिचं भरतं. या बाईने जगभरातल्या दाढीवाल्या बाप्यांना रडवलं. तेव्हा एक खेळाडू उगवला. डोक्यावर मडकं, कमरेला लंगोटी, दोन हातांत दोन तलवारी. अंगावर चिलखताचा तुकडा नाही. नाव काय, तर ‘लेट मी सोलो हर’. लोक अडले की याला आपल्या खेळात बोलवायचे, हा वाकून नमस्कार करायचा आणि एकटा तिला लोळवायचा. असं त्याने त्याच वर्षी हजाराहून जास्त वेळा केलं. खेळ विकणाऱ्या बांदाई नामको कंपनीने त्याला खरी तलवार भेट पाठवली.

मडकं आणि लंगोटी! आपल्याकडे अशा वेषात कोणी पापडी नाक्यावर उभा राहिला असता तर लोकांनी पोलीस बोलावले असते. पण विचार करा. जो खेळ चिलखत चढवायला मुभा देतो, त्यात हा उघडा उतरतो. काही जण तर याहून पुढचे. ते अख्खा ‘एल्डन रिंग’ एकही लेव्हल न वाढवता संपवतात, पहिल्या पायरीवर उभं राहून. वेळ देऊन कसब वाचवायची सोय समोर आहे, आणि हे तिला हात लावत नाहीत. बिनकसबाच्या खेळात असली माणसं काय करताहेत, याचं उत्तर मला अजून कोणा क्राउनवाल्याने दिलेलं नाही. एकाने एवढंच विचारलं, की त्याला लंगोटी कुठल्या लेव्हलला मिळाली.

कसब कशाला म्हणावं यावर आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झालाय, हे मला पत्ते खेळणाऱ्या चुलतसासऱ्यांमुळे ठाऊक. गणपतीच्या जागरणाला रमीचा डाव पडला आणि कोणी नाक मुरडलं की ते बोट वर करून सांगायचे, रमी हा कसबाचा खेळ आहे, कोर्टाने म्हटलंय. आणि म्हटलंय खरंच. साठच्या दशकात आंध्रातल्या एका क्लबच्या खटल्यात न्यायालयाने तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं आणि रमीला मुख्यतः कसबाचा. कारण? कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, आणि कुठलं पान धरायचं, कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं. पुन्हा वाचा. लक्षात ठेवणं, धरणं, टाकणं. हात किती चपळ हवा, याचा उल्लेख नाही. आता आरपीजीवाला रात्रभर काय करत असतो? थैलीत वजन मावत नाही म्हणून कुठलं शस्त्र ठेवावं, कुठलं फुंकावं, कुठल्या बॉसला आग लागते आणि कुठल्याला बर्फ, हेच. न्यायालयाची ही फूटपट्टी तलावाकाठी आणली तर बंदूकवाले अडचणीत येतील म्हणून मी ती पर्समध्येच ठेवते.

सरकारचा कौल मात्र वेगळा. २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता मिळाली, ते क्रीडा खात्याकडे गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. त्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कसबाचे असोत की नशिबाचे. चुलतसासऱ्यांची ऑनलाइन रमी गेली. ई-स्पोर्ट्सना मात्र उत्तेजन. स्पर्धा भरतात त्या बंदुकांच्या, बक्षिसं मिळतात ती बंदुकांना. चेटकिणीची अंगठी शोधून दिल्याबद्दल आजवर कोणाला चषक मिळालेला नाही. मग आईने शेजारणीला सांगायचं तरी काय?

आणि इथे शूटरवाल्यांचा खरा मुद्दा आहे, तो मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलेला नाही. त्यांना तो सुचत नाही, म्हणून मी सांगते. शूटरमध्ये समोर माणूस असतो. बॉट सोडा, वरच्या पायऱ्यांवर माणूसच. तो तुमची चाल ओळखतो, कालची युक्ती आज चालू देत नाही. मलेनिया कितीही जहांबाज असली तरी ती तुमच्याकडून काही शिकत नाही. आज मारलं तसंच उद्या मारते. तुम्ही तिला पाठ करू शकता. खेळातल्या पोचिंकी गावात छपरावर लपलेल्या विरारच्या पोराला पाठ करता येत नाही. त्यात खेळायच्या जागेचं वर्तुळ आकसत येतं, पायांचा आवाज डावीकडून की उजवीकडून हे कानाने टिपायचं, तिघा साथीदारांच्या आरोळ्यांतून कामाची एक ओळखायची आणि पापणी लवायच्या आत फोन तिरका करून नेम धरायचा. हे सोपं आहे असं म्हणणाऱ्याने एकदा खेळून बघावं. २००३ साली ‘नेचर’मध्ये ग्रीन आणि बाव्हेलिये यांनी छापलं होतं, की कधी न खेळलेल्यांना दहा दिवस रोज तासभर शूटर खेळायला दिलं तर त्यांची नजरेच्या कडेला टिपायची ताकद वाढते. दुसऱ्या गटाला त्यांनी ‘टेट्रिस’ दिलं, त्यांना तो लाभ झाला नाही. आयांनो, हा कागद घरात कोणाच्या हाती लागू देऊ नका.

पण हात आणि डोळा यांचं एक आहे, ते फार दिवस थांबत नाहीत. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी तीन हजारांवर खेळाडूंचे ‘स्टारक्राफ्ट २’चे डाव तपासले. तो काही शूटर नाही, डावपेचाचा खेळ, पण घाईचा. त्यात दिसलं की प्रतिसादाचा वेग चोविसाव्या वर्षापासून उतरायला लागतो. चोवीस! आमच्याकडे चोविसाव्या वर्षी मुलगा सकाळी स्वतःहून उठायला शिकतो. त्याच अभ्यासात असंही होतं, की वय झालेले खेळाडू हळू हाताची भरपाई सोप्या आणि नेटक्या चालींनी करतात. म्हणजे आमचा क्राउनवाला आरपीजीकडे वळला तो बिघडून नव्हे, तर पंचविशी लागली म्हणून. त्याच्या मित्रांना हे सांगितलं तर ते गार पडले. तेही पुढल्या दिवाळीनंतर त्याच वळणावर आहेत.

यंत्रांनी तर भलताच पेच टाकलाय. २०१९ साली डीपमाइंड कंपनीच्या प्रोग्रॅमांनी ‘क्वेक थ्री’ या शूटरच्या झेंडे पळवायच्या प्रकारात चांगल्या खेळाडूंना मागे टाकलं. २०२१ साली ‘नेटहॅक’ या १९८७ पासूनच्या जुन्याजाणत्या, अक्षरांनी काढलेल्या भुयारी खेळाची स्पर्धा यंत्रांसाठी भरली. तो आरपीजीच्याच भावकीतला. एकाही यंत्राला तो शेवटपर्यंत नेता आला नाही. बंदूक मारायला यंत्र शिकलं आणि सामान सांभाळायला शिकलं नाही. घर चालवणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं कारण नाही.

मुळात ही दोन घराणी वेगळी आहेत, हीच एक थाप. ऐका आणि गिळून टाका. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ने शूटरमध्ये अनुभवाचे गुण आणि लेव्हली रुजवल्या, आरपीजीच्या घरातलं सगळं रुखवत उचलून. दोन वर्षांनी ‘बॉर्डरलँड्स’ने तर दोघांचं लग्नच लावलं, बंदुका यांच्या आणि झोळी त्यांची. आणि तलावाकाठचं सोवळं बीजीएमआय? ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, रोजच्या कामांची यादी, कपडे बदलायची हौस. हे सगळं आलं कुठून? १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं, कागद-पेन्सिल-फाशांचं. लेव्हल चढायची कल्पना तिथून घरोघर गेली. ऐंशीच्या दशकात तिकडच्या आयांनी त्या खेळात सैतान असल्याची हाकाटी केली होती. त्यावर १९८२ साली टीव्हीसाठी चित्रपटही निघाला, ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’, कोवळ्या टॉम हँक्सचा. म्हणजे आपल्यात आज जो कल्लोळ आहे तो तिकडे आमच्या लहानपणीच उरकला. पापडीला फॅशन उशिरा येते, पण येते.

पुण्याने मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवलेत, पुणेरी धोरणच ते. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ काढली. पूर्ण आरपीजी नाही, पण पुराणकथा, तलवार, त्रिशूळ, हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण, असा सगळा साज. आणि तिथल्याच सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’ हे शूटर. पुणेकर एकमेकांत ठरवतील कोण श्रेष्ठ, आपण त्यात पडायला नको.

वसईने मात्र निकाल केव्हाच दिलाय, हे मी परवा एका बारावीतल्या शूटरवीराला सुनावलं. तो म्हणत होता, इतिहासात सगळे शूटरच, चिमाजी अप्पांनी काय ग्राइंड केलं होतं काय? अरे राजा, दुसरं केलं काय? १७३७ साली आधी ठाणं, मग अर्नाळा. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, तारापूर. आजूबाजूचं एकेक ठिकाण घेत, रसद बांधत, मग वसईला वेढा. खंदक, शिड्या, सुरुंग, महिनोन्‌महिने. किल्ला हाती आला तो मे महिन्यात. याला तुमच्या भाषेत साईड क्वेस्ट म्हणतात. पोरगा गप्प. मग म्हणाला, पण शेवटी तोफ तर डागलीच ना?

हार मानायची नाही, हे मात्र खरं वसईचं पाणी.

आता शेवटची आणि सर्वांत खमंग बातमी, ती कळल्यापासून मला झोप नाही. संगणकावरचे खेळ स्टीमवरून घेतात. हे स्टीम म्हणजे अट्टल चहाडखोर, माझ्या वरताण. प्रोफाइल उघडं ठेवलं तर कोण कुठला खेळ किती तास खेळला, सगळं भिंतीवर. तर पलीकडच्या आळीतल्या एका नामांकित शूटरवीराचं प्रोफाइल त्याच्या टीमच्या हाती लागलं. ‘काउंटर-स्ट्राइक’: तुरळक. आणि शेकडो तास कुठे? ‘स्टार्ड्यू व्हॅली’! ही आरपीजीतलीसुद्धा धाकटी पाती. २०१६ साली एरिक बरोन नावाच्या गड्याने एकट्याने बनवलेली. यात मारामारी थोडी, बाकी आजोबांची पडीक शेती नांगरायची, बी पेरायचं, झारीने पाणी घालायचं, बुजगावणं उभारायचं नाही तर कावळे खातात, गावात सगळ्यांना भेटवस्तू देऊन मर्जी राखायची. रणधुरंधर घरी दार लावून कोबी लावत होता!

आणि कोणाच्या घरी? ज्याच्या बापाची खरीखुरी वाडी आहे. केळी, पानवेल, मोगरा. जिथे पंप लावायला सांगितलं की या दिवट्याची पाठ दुखायची.

बातमी बापापर्यंत गेली. गेली म्हणजे कशी गेली ते विचारू नका. बाप काठी घेऊन खोलीत शिरला, आई मागे, शेजारीण त्यांच्या मागे, आणि मी वाटी परत द्यायला म्हणून त्यांच्या मागे. पडद्यावर हिरवंगार शेत. बापाने काठी भिंतीला टेकवली, चष्मा लावला.

“हे काय पेरलंस?”

“पार्सनिप, बाबा. मुळ्यासारखं असतं.”

“किती दिवसांत येतं?”

“चार.”

“चार? खत कुठलं?” मुलाने दाखवलं. बापाने मान हलवली. “सऱ्या इतक्या जवळ कशाला? आणि पाणी रोज? मुळं कुजतील. तुला अक्कल शिकवायला कोणी नाही का या गावात?”

मुलगा पुटपुटला, की बाबा, लोक म्हणतात या खेळाला अक्कल लागत नाही.

बाप खुर्चीत बसला. काढलेला माल मुलाने एका लाकडी पेटीत टाकला. रात्र झाली, सकाळ झाली, पैसे जमा. बापाने पेटीकडे बघितलं, पैशांकडे बघितलं, पुन्हा पेटीकडे.

“गाडीभाडं?”

“नाही.”

“हमाली? तोलाई? कट्टा?”

“नाही, बाबा. भाव ठरलेला असतो.”

“आणि दादरचा दलाल?”

“तो नसतो यात.”

बाप उठला. काठी घेतली. दारातून मागे वळून म्हणाला, “मग बरोबर म्हणतात लोक.”